अडतीस मार्कांची लाल गाडी

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस सगळ्यात आधी टायरला लाथ मारतो. कशासाठी मारतो ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. टायर काही सांगत नाही, विकणारा गालातल्या गालात हसतो, आणि घेणाऱ्याला उगाच वाटतं की आपण तपासणी केली. मीही अकोल्याला एका वकिलांच्या अंगणात अशीच एक सणसणीत लाथ हाणली, तेव्हा मागून आवाज आला, "भाऊ, त्यानं काय घोडं मारलं तुमचं?"

त्या इंगळेबाई. अमरावतीत आमच्या कॉलनीत माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पोरांचे असतात तसे पांढरे धावायचे बूट. खांद्याला एक जाडजूड पर्स, आणि त्या पर्समध्ये एक छोटी बॅटरी, सहा इंची स्टीलची पट्टी, हात पुसायला दस्ती आणि एक लाल पेन. एवढ्या सामानावर या बाईने अर्ध्या अमरावतीच्या जुन्या गाड्यांचे भाव ठरवले होते. ना गॅरेज, ना दलाली. एक रुपया घ्यायच्या नाहीत. फार तर बसचं तिकीट आणि एक चहा, तोही बिनसाखरेचा.

मी त्यांना सोबत नेलं ते काही माझ्या शहाणपणाने नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून, मला पुस्तकाची फाटकी पानं कळतात, गाडीचं काही कळत नाही. पण ते कबूल कोण करतो? बायकोने सरळ सांगितलं, "बाईले घेऊन जा, नाही तर जाऊच नोका. तुमाले भाजीवाला सडके कांदे देते, गाडीवाला कुठून चांगली देईन?"

अकोल्यापर्यंतच्या दोन तासांत बसमध्ये बाई गाडीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. खिडकीशी बसून अर्ध्या तिकिटात पूर्ण झोप काढली. वकिलांच्या अंगणात मात्र त्यांचे डोळे टक्क उघडले. गाडी नुसती चमकत होती. मी तर मनातल्या मनात तिला हार घालून, नारळ फोडून मोकळा झालो होतो. बाईंनी गाडीभोवती चक्कर मारली नाही, टायर पाहिले नाहीत. त्या समोर गेल्या आणि आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर तळहात ठेवला.

"हिले ताप हाय," त्या म्हणाल्या.

वकील म्हणाले, "नाही म्हणजे, सकाळी जरा फिरवून आणली. तुम्ही येणार म्हणून."

"पाहुणे येनार म्हणून लेकराले आंघोळ घालते, तसं. बरं हाय. आता थंडी होऊ द्या. आमी थांबतो."

आणि थांबल्या की हो! दीड तास त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या. वकिलांना कोर्टात जायची घाई, बाईंना कसलीच नाही. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते खरं, तापलेलं इंजिन फक्त गोड बोलतं, असं त्यांचं म्हणणं. दीड तासाने किल्ली फिरवली तेव्हा गाडी आधी खोकली, मग मागून निळा धूर सोडला. वकील धुराकडे पाठ करून उभे राहिले, जणू तो शेजारच्यांच्या घरातून आला होता.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या प्रत्येक ठिकाणी विचारायच्या.

"विकून कावून राहिले?"

"नवी घ्यायची आहे," वकील म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. "हाव. पन कावून?"

"वापर होत नाही हो फारसा."

"असं. पन वापर होत नाई, तो कावून?"

बोलता बोलता त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि सीटबेल्ट ओढत होत्या. ओढत ओढत शेवटच्या टोकापर्यंत आणला. आपण बेल्ट छातीपुरता ओढतो, त्याच्या पलीकडचा पट्टा वर्षानुवर्षं गुंडाळलेलाच असतो, तो कोणी धूत नाही. त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. वकिलांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी घरातून वकीलणबाईंचा आवाज आला, "सांगून टाका ना एकदाचं! मागच्या पावसात पुलाखाली दोन दिवस पाण्यात होती म्हना!"

बाईंनी पर्समधून कागद काढला. इंजिन, गिअर, ब्रेक, सांगाडा, रंग, टायर, कागदपत्रं असे दहा प्रश्न, प्रत्येकी दहा मार्कांचे. त्याच सालच्या, नीट ठेवलेल्या गाडीला बाजारात जो भाव मिळतो तो शंभर मार्कांचा. आपल्या गाडीला मार्क किती, तेवढे टक्के तिचा भाव. इतकं सोपं. वकिलांच्या गाडीला एकोणतीस मिळाले. बाईंनी खाली लाल रेघ ओढली आणि कागद वकिलांच्या हातात दिला.

"याचं मी काय करू?" वकील म्हणाले.

"पालकाची सही घेजा," बाई म्हणाल्या आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "बाई, तुम्ही वर्गात तर इतकं शुद्ध बोलायच्या म्हणतात. मग तिथे 'का विकता' असं नाही विचारलं?"

त्या हसल्या. "का म्हटलं ना भाऊ, तं मानूस परीक्षेले बसते. पाठ केलेलं उत्तर देते. कावून म्हटलं तं त्याले वाटते, घरचंच कोनी विचारून राहिलं. अन तेही एकदा विचारून होत नाई. पह्यलं उत्तर लोकासाठी असते, दुसरं बायकोसाठी असते. तिसरं खरं."

मी त्यानंतर चौसष्ट मार्कांची एक गाडी घेतली. ती अजून चालते आहे आणि मी टायरला लाथ मारणं सोडलं आहे.

बाईंचा लौकिक असा की घेणारे त्यांना देवासारखं सोबत न्यायचे आणि विकणारे त्यांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालायचे. पण बाई घेणाऱ्याच्या बाजूच्या होत्या असं समजणाऱ्याची एकदा चांगलीच जिरली. ते आमच्याच कॉलेजातले राऊत. अचलपूरला एक म्हातारे निवृत्त कंपाउंडर आपली छोटी गाडी विकत होते. आम्ही तिघं गेलो. गाडी म्हणजे काय सांगू, देवघरात ठेवावी अशी. बॉनेट थंडगार, पेडलचं रबर जागच्या जागी, चारही काचांवर एकाच सालचा शिक्का, बेल्ट टोकापर्यंत स्वच्छ. कावूनचं उत्तरही पहिल्याच फेरीत खरं निघालं. कंपाउंडर म्हणाले, "बाई, मले आता मोतीबिंदू हाय. परवा बकरीवर घातली असती." तरी बाईंनी नियम म्हणून आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तीच बकरी आली.

मार्क पडले ब्याऐंशी. कंपाउंडर मागत होते एक लाख दहा हजार. राऊतांनी टेबलाखालून मला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता. ते खिशात हात घालणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काका, तुमची बेरीज चुकली."

"आँ?"

"ब्याऐंशी मार्कांचे एक लाख साठ होते. तुमी पन्नास हजार कमी मागून राहिले."

राऊतांचा चेहरा! चहात माशी पडलेली दिसावी आणि चहा अर्धा पिऊन झालेला असावा, तसा. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही कोणाकडून आल्या आहात?"

"मी कोनाकडून नाई आली. मी पेपर तपासाले आली. मार्क कमी पडले तं मी कमी करते. बेरजेत चुकून कमी लागले तं वाढवत नाई का? फक्त कापाले ठेवला का हा लाल पेन?"

राऊतांनी एक लाख साठ दिले, गाडी नावावर झाल्यावर न्यायची ठरली, पण परतीच्या बसमध्ये ते सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले. बाई माझ्याजवळ बसल्या होत्या. बाहेरच्या संत्र्याच्या बागा बघता बघता त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर बाळापूरकडचं. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. संध्याकाळी वेचलेला कापूस तोलला जायचा, आणि काटा ज्याचा भावही त्याचाच. "मायनं आयुष्यात एकदाबी आपल्या कामाचा भाव आपल्या तोंडानं सांगितला नाई, भाऊ. दुसरा सांगे, अन माय मान हलवे. मले त्याची फार चीड यायची. अजून येते." एवढं बोलून त्यांनी दस्तीने चष्मा पुसला आणि लगेच झोपी गेल्या. मी मात्र अमरावतीपर्यंत जागा होतो.

राऊतांचं पुढे काय झालं विचाराल, तर ते कंपाउंडर दर मोसमाला राऊतांकडे एक पोतं संत्री पाठवतात. राऊत त्यातलं एकही आम्हाला देत नाहीत. पन्नास हजारांची आहेत म्हणतात.

तर अशा या बाई, आणि यांच्या स्वतःच्या दारात कोणती गाडी उभी होती? दोन दारांची, दोनच सीटची, लालभडक स्पोर्ट्स कार! जमिनीला इतकी चिकटून की शेजारून बकरी गेली तर बकरी उंच दिसायची.

ही करणी इंगळेसाहेबांची. साहेब वीज खात्यात होते. उंच, शांत, हसरे. नोकरीत तीस वर्षं खांब मोजले, आणि निवृत्तीला त्यांना अचानक तरुणपण आलं. अकोल्यात एका तेल गिरणीवाल्याच्या मुलाने ही गाडी विकायला काढली होती, चौथ्या हाताची. साहेब बाईंना घेऊन बघायला गेले. बाई पर्समधून बॅटरी काढेपर्यंत साहेब विकणाऱ्यासमोर मोठ्याने म्हणून बसले, "आवडली!"

संपलं. विकणाऱ्यासमोर तो शब्द उच्चारला की बाजारात आपलं काही उरत नाही, हे बाई सगळ्या जगाला शिकवत होत्या आणि घरातलाच विद्यार्थी कच्चा निघाला. बाईंनी तरी पेपर तपासला. सायलेन्सर गंजलेला, गिअर अडकणारा, एका दाराचा रंग दुसऱ्या दाराशी भांडणारा. शंभरपैकी अडतीस. साहेबांनी तो कागद हातात घेतला, नीट वाचला आणि म्हणाले, "पस्तीसले पास होते ना पोट्टं? मंग पास झाली की!"

अडतीस मार्कांच्या गाडीला सत्तर मार्कांचे पैसे मोजून साहेब ती घेऊन आले. मी एकदा बाईंना विचारलं, तुम्ही अडवलं कसं नाही? त्या म्हणाल्या, "अडवनार होती. पन त्यांचं तोंड पाह्यलं, अन मी पेनाचं टोपन लावलं."

गाडी आमच्या गल्लीत शिरली तो दिवस मला विसरता येणार नाही, कारण त्या दिवसाचा खलनायक मीच होतो. माझी पोरं तेव्हा लहान, गल्लीत मोटारसायकली सुसाट येतात म्हणून मी घराच्या बांधकामातल्या उरलेल्या सिमेंटचा एक गतिरोधक स्वतःच्या हाताने घातला होता. प्रमाण थोडं चुकलं होतं. थोडं म्हणजे, त्याच्यावर बसून म्हातारे पेपर वाचायचे. साहेबांची गाडी आली, पुढची चाकं पलीकडे गेली आणि पोट टेकलं. चार चाकं असून गाडी अधांतरी. सगळी गल्ली जमली. साहेब आत बसून हसत होते, बाई शेजारी कपाळाला हात लावून. आठ जणांनी ती उचलून पलीकडे ठेवली. त्यानंतर साहेब ती तिरपी घ्यायला शिकले, आधी एक चाक, मग दुसरं. दर वेळी त्या जागी बाई पुढे वाकून कान द्यायच्या आणि जाहीर करायच्या, "नाई लागलं पोट."

शाळेतली शेवटची दोन वर्षं साहेब त्यांना रोज त्याच गाडीने सोडायचे. गणिताच्या बाई लाल स्पोर्ट्स कारमधून उतरतात, मांडीवर तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा, हे बघायला पोट्टे फाटकाशी थांबायचे. त्या दोघांची गाडीत जी बडबड चालायची ती काच बंद असूनही दिसायची. साहेब घरात कमी बोलायचे म्हणे, गाडीत बसले की सुरू.

साहेब गेले ते झोपेतच, शांतपणे. सगळे धरून चालले होते की आता गाडी विकली जाईल. बाईंनी काय केलं? बासष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लास लावला. आजवर शेकडो गाड्या तपासलेल्या या बाईला गाडी चालवताच येत नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं! पहिल्या महिन्यात माझं फाटक गेलं. ते मी गतिरोधकाची परतफेड समजून सोडून दिलं. मग मात्र हात बसला. दर मंगळवारी आणि शनिवारी बाई लाल स्पोर्ट्स कार ताशी पंचवीसच्या वेगाने भाजीबाजारात न्यायच्या. मागे सायकलवाले घंट्या वाजवायचे. परतताना शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी असायची. पिशवी जड झाली की गाडीला वाटायचं माणूस बसला, आणि ती बेल्टसाठी किंकाळ्या फोडायची. म्हणून बाई पिशवीला बेल्ट लावायच्या. मेथी, वांगी आणि एक भोपळा बेल्ट लावून ऐटीत चालले आहेत, असं ते दृश्य. मी पुष्कळ हसलो आहे त्याला. आता वाटतं, जरा कमी हसायला हवं होतं.

गाडी विकायची हे बाईंनी मला एका रविवारी अचानक सांगितलं. अट एकच, भाव बरोबर पाहिजे. "एक पैसा कमी नाई, एक पैसा जास्त नाई. आयुष्यभर लोकाले शिकवलं, आता माह्या गाडीपाशी लबाडी झाली तं मी कोनत्या तोंडानं हा पेन धरू?" गंमत वाटेल, पण बाई घाबरलेल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच तसं बघत होतो. साहेबांच्या गाडीचा भाव आपल्याला नीट करता येईल का, याची त्यांना खात्री नव्हती.

घ्यायला आला तो अन्वर. मूळचा बाळापूरचा, शाळेसाठी मामाकडे अमरावतीला राहिलेला, बाईंचा विद्यार्थी, आणि गणितात तीनदा नापास झालेला. फाटकाशी थांबून गाडी बघणाऱ्या पोट्ट्यांमध्ये हा सगळ्यात पुढे. आता अकोल्यात त्याचा थंड पेयांच्या एजन्सीचा जोरदार धंदा होता. आला, बाईंच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाई, सहा लाख देतो. गाडी पाहाची बी गरज नाई."

बाई भडकल्या. "कावून? मी लाचार झाली का?"

"तसं नाई बाई! तुमच्याशी घासाघीस करू का मी?"

"कर. नाई केली तं गाडी देत नाई. पेपर सोडवल्याबिगर पास करत नाई मी कोनाले, तुले माहीत हाय."

त्याला चांगलंच माहीत होतं. बिचाऱ्याने बाह्या सरसावल्या. बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. दोन्ही काचांवरचे शिक्के वाचले. बेल्ट टोकापर्यंत ओढला, त्यातून मेथीचं एक वाळकं पान पडलं. इंजिन सुरू करून कान दिला. बाई ओसरीवर हाताची घडी घालून उभ्या, परीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या राहायच्या तशा. मग त्यांनी स्वतः तपासलेला कागद त्याला दिला. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे लाल आकडा, आणि खाली बेरीज, अडतीस.

"अशी गाडी चांगली ठेवलेली असली तं आठ लाखाले जाते. अडतीस टक्क्याचे झाले तीन लाख चार हजार. तेवढेच घेईन."

अन्वरने कागद बघितला. कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलवत परत बघितला. मग माझ्याकडे बघितलं, जणू मदत मागत होता. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, बेरीज चुकली."

"कोनाची?"

"तुमची."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. अन्वरने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, सात, सहा, पाच, चार, सहा, पाच, तीन, चार, सात, चार. "एकावन्न होते बाई." मी मोबाइलवर तीनदा करून बघितलं. एकावन्नच. इतक्या वर्षांत बाईंनी सायलेन्सर बदलला होता, गिअर नीट केला होता, दाराचा रंग जुळवला होता. एकेका प्रश्नाला त्यांनी मार्कही प्रामाणिकपणे दिले होते. फक्त खालची बेरीज केलीच नव्हती. हात आपोआप अडतीसवर गेला होता.

बाईंनी कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला. "अडतीसच होती ना ही," त्या म्हणाल्या. "साहेबाची अडतीस." मग लाल पेन अन्वरपुढे धरला. "दुरुस्त कर. सही कर बाजूले."

गणितात तीनदा नापास झालेल्या पोराने इंगळेबाईंच्या कागदावर अडतीस खोडून एकावन्न लिहिलं. चार लाख आठ हजार. ना सहा, ना तीन. दोघंही हट्टी, पण गणितापुढे दोघांनी मान झुकवली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्याने किल्ली घेतली, निघाला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक प्रश्न सोडला तू."

"कोनता?"

"पह्यलाच. अनिवार्य होता."

अन्वर समजला. चप्पल काढलेल्या पायांनी तिथेच उभा राहिला. बाईंना कोणी हे विचारावं, तेही त्यांच्याच पोराने, म्हणजे अवघड होतं. पण बाई वाट बघत होत्या. त्यांना उत्तर द्यायचं होतं, म्हणूनच त्यांनी आठवण केली, हे मला आता कळतं.

"बाई, विकून कावून राहिल्या?"

"गुडघे दुखते. ही फार खाली हाय. उतरता येत नाई."

"हाव बाई. पन कावून?"

"लेक नागपूरले बोलवून राहिली. तिच्या बिल्डिंगीत हिले जागा नाई."

अन्वर थांबला. "पन कावून, बाई?"

बाईंनी गाडीकडे बघितलं. "दोनच सीटा हायेत रे हिले," त्या म्हणाल्या. "इतके वर्षं बाजूले भाजी बसवून फिरली मी. मेथीसंग किती बोलाव मानसानं?"

मी कपबश्या गोळा करायला लागलो, ज्या मी घरी कधीच उचलत नाही. मग अन्वरने डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा बाई. बजारात चक्कर मारू. आज शनिवार हाय."

बाई चटकन हो म्हणाल्या नाहीत. आत गेल्या, पिशवी घेऊन आल्या, साडी सावरली आणि गुडघा धरून हळूच आत बसल्या. कितीतरी वर्षांनी त्या बाजूला. पुढच्याच महिन्यात बाई नागपूरला गेल्या. मी नेमका तेव्हा गावाला होतो, म्हणून मी त्यांना समोरासमोर शेवटचं बघितलं ते त्या शनिवारीच. तशा फोनवर भेटतात. अजूनही कोणी गाडी बघायला गेलं की फोन विकणाऱ्याच्या कानाला लावायला सांगतात आणि त्याला तीनदा कावून विचारतात.

त्या शनिवारी गाडीत बसल्यावर बाईंनी बेल्ट ओढला. सवयीने पार टोकापर्यंत ओढला, उलटापालटा करून बघितला, मग लावला. पिशवी मांडीवर घेतली. गाडी निघाली, आणि मी केलेल्या त्या गतिरोधकापाशी अन्वरने ती तिरपी घेतली, आधी एक चाक, मग दुसरं. मी फाटकातून कान देऊन उभा होतो, की आता बाई पुढे वाकतील आणि पोट लागलं की नाही ते सांगतील. पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या अन्वरकडे तोंड करून काहीतरी सांगत होत्या, हातवारे करत, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं.